मागच्या सीटची वहिवाट

आमच्याकडं यायचा होता ट्रॅक्टर. साऱ्या वाडीला तसं सांगून झालं होतं. आईनं त्याच्या चाकापुढं फोडायला नारळ आणून ठेवला होता आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोठ्याशेजारचं सरपण हलवून त्याच्यासाठी जागा केली होती. आणायला गेले होते आप्पा, माझे धाकटे चुलते. कवठे येमाईला आमची शेती, तीत कांदा आणि शेवंती. शेवंती पुण्याला नेऊन विकायचं काम आप्पांकडं असे, म्हणून पुण्यातलं सगळं त्यांनाच कळतं अशी घरात समजूत होती. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली. धारा काढायच्या वेळेला ओढ्याच्या अंगानं असा काही आवाज आला की म्हशीनं दूध वर ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायला लागली. आम्ही सगळे बाहेर धावलो. अंगणाच्या तोंडाशी एक लांबलचक, बुटकी, हिरवी गाडी गुरगुरत उभी होती. तिला आत यायचं होतं, पण दोन्ही बाजूंच्या गडग्यांना ते मान्य नव्हतं. आप्पा तिच्यात डाव्या बाजूला बसून हसत होते, आणि उजव्या बाजूला, जिथं चालवणाऱ्यानं बसायचं असतं तिथं, शेवंतीच्या रिकाम्या पाट्या होत्या.

गाडी अमेरिकेतली. पुण्यात एका बंगल्यात कुणी अमेरिकन साहेब राहायचा, त्याच्या मडमेला आप्पा फुलं पोचवत. साहेब मायदेशी निघाला, गाडी बरोबर नेणं त्याला जमेना, आणि इतकं पेट्रोल पिणारी गाडी पुण्यात कुणी दारात उभी करून घेईना. आप्पांनी साहेबाच्या ड्रायव्हरला विचारलं, हिची ताकद किती. तो म्हणाला, तीनशे घोडे. तिथंच ट्रॅक्टरचा निकाल लागला. "टॅक्टर पस्तीस घोड्यांचा," आप्पा आबांना समजावून सांगत होते, "ही तीनशेची. आता तुमीच इचार करा, आबा." आबांनी विचार करत गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. बैल घेताना ते अशीच फेरी मारत, फक्त बैलाचे दात बघत. शेवटी ते म्हणाले, "आन् नांगर कुठं जुंपायचा?" आप्पा म्हणाले, "मागं बंपर हाय की, चांगला जाड." आईनं नारळ फोडला, कारण आणलेला नारळ तसाच ठेवायचा नसतो. परवा मला एकानं सांगितलं की असल्या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात, मसल म्हणजे दंडातली बेडकी. आमच्या गावानं तिला दुसऱ्याच दिवशी 'उलटी गाडी' असं नाव ठेवलं, आणि मला विचाराल तर तेच बरोबर होतं.

तेव्हा आमचं घर एकत्र होतं. एक चूल, एक मोठा तवा, आई भाकरी थापायची आणि काकी भाजायची. दोघींचं सतत काहीतरी बिनसलेलं असायचं, पण हात थांबायचे नाहीत. मासवडीच्या दिवशी मात्र घरात शांतता असे. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळायचं, हे काम आईचं, आणि तेव्हा काकी बाजूला बसून बघायची. वड्या झाल्या की काकीची पाळी, तिच्यासारखा झणझणीत रस्सा पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हता, हे आईसुद्धा मान्य करायची, फक्त काकीच्या पाठीमागं. आप्पांची शकू आणि मी एकाच वर्षाच्या. आम्ही एका ताटात जेवायचो, एका गोधडीत झोपायचो आणि एकमेकींच्या उवा एकमेकींना द्यायचो. माझा थोरला भाऊ, त्याला सगळे दादा म्हणत, आमच्याकडं लक्षच द्यायचा नाही. आणि आप्पा माझे लाडके होते. घरात गाडीला चांगलं म्हणणारी मी एकटीच, म्हणून असेल, पण ते मला मांडीवर घेऊन ते थोरलं थोरलं चाक हातात द्यायचे आणि आम्ही ओढ्यापर्यंत जाऊन यायचो. बारा वर्षांची घोडी मी, पाय लोंबत असायचे, पण उतरायला तयार नसायची. आबा म्हणायचे, "पोरीला बिगडवतोय." आप्पा म्हणायचे, "घरात कुनालातरी चालवाय नगं का?"

ट्रॅक्टरची कामं तिच्याकडून करून घ्यायचा दिवस शेवटी उगवला. नांगराचा हट्ट आप्पांनी सोडला होता, पण ढेकळं फोडायला जड लाकडी फळी फिरवतात, ती ओढायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. फळी बंपरला साखळीनं बांधली, तिच्यावर वजनाला दादाला आणि शेजारच्या दोघांना उभं केलं, आणि बघायला अर्धं गाव जमलं. आप्पांनी गाडीला दम दिला. आवाज असा झाला की कावळे उठले. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि फळीवरच्या तिघांच्या अंगावर इतकी माती आली की काकीनं स्वतःच्या पुतण्याला ओळखलं नाही. आप्पांनी आणखी दम दिला. गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली जायला लागली, आणि थोड्या वेळानं मागच्या बाजूनं कोंबडी अंडं घालायला बसते तशी बसली. मग आबांनी गोठ्यातून बैलजोडी आणून पुढं जुंपली. तीनशे घोड्यांना दोन बैलांनी ओढून काढलं, हे वाक्य गावात पुढं बरीच वर्षं चाललं. बैलांनी तिला आमच्या दोन वावरांच्या मधल्या बांधापर्यंत आणलं, पुढची चाकं बांधावरून पलीकडं गेली, आणि खालून काहीतरी कडाडकन मोडलं. गाडी तिथंच आडवी राहिली, अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

लोक हसत होते तोवर ठीक होतं. आप्पाही थोडे हसत होते. पण आबांना गाव हसलेलं सोसत नसे, आणि सगळ्यांच्या देखत ते आप्पांना म्हणाले, "गाडी निदान भंगारात तरी जाईल. तुला कोन घ्यायचं?" हे बोलायला नको होतं. आबा माझे वडील, त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझा हात जात नाही, पण हे त्यांनी बोलायला नको होतं. आप्पांनी अंगावरची माती झटकली, बैलांच्या दाव्याला हात लावला, आणि बैलाकडं बघत म्हणाले, "म्हाताऱ्याला सांग, माझं वाटप करून दे म्हणावं." आबा तेव्हा जेमतेम चाळिशीचे होते. त्या घटकेपासून आप्पा आबांशी सरळ एक शब्द बोलले नाहीत. बोलायचंच झालं तर बैलाला सांगत, भिंतीला सांगत, वाटेनं जाणाऱ्या पाहुण्याला थांबवून सांगत, आणि आबाही तसंच उत्तर धाडत. आमच्याकडं अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. अबोल्यात माणसं जास्तच बोलतात, फक्त दुसऱ्याच्या तोंडानं.

वाटणीला गावातले पंच बसले. जमीन, बैल, म्हशी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं सुरळीत झालं. घरातली भांडी वाटताना आई आणि काकी दोघीही रडल्या आणि दोघींनीही मोठं पातेलं सोडलं नाही, तेव्हा ते पातेलं पंचांनी देवळाला देऊन टाकलं. गाडीचं मात्र अडलं. आबांना ती नको होती, पण आप्पांना द्यायची नव्हती. आप्पांना ती हवी होती, पण मागायची नव्हती. शेवटी एक पंच, वयानं सगळ्यात थोरले, वैतागून म्हणाले, "जमिनीत उभी हाय ना? मंग जमिनीसंगं वाटा." बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरली. दोरी नेमकी गाडीच्या पुढच्या सीटच्या पाठीमागून गेली. बॉनेट, इंजिन, चाक आणि पुढची सीट आमच्या हद्दीत. मागची सीट आणि डिकी आप्पांच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तेवढ्यात आप्पांनी पंचांना विचारलं, "माझ्या शीटवर मी जायाचं कुटनं?" कारण गाडीला दारं दोनच, आणि दोन्ही पुढं, आमच्या हद्दीत. मागं जायचं तर पुढची सीट वाकवून जावं लागे. पंचांनी पुन्हा पान लावलं. दुसऱ्याच्या रानातून वाट असेल तर वहिवाट देतात, तशी आप्पांना उजव्या दारानं वहिवाट मिळाली. अट एकच, सीट वाकवून जायचं, पुढच्या सीटवर टेकायचं नाही. मी कोर्टाचे बरेच निकाल पुढं पेपरात वाचले, पण इतका विचार केलेला निकाल वाचला नाही.

या निकालानं माझं आणि शकूचं मात्र कल्याण झालं. दोन चुली झाल्या, मधे कुडाची भिंत आली, आणि एकमेकींच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही असं दोघींनाही बजावलं गेलं. पण गाडीत बसायला कोण अडवणार? मी पुढच्या सीटवर बसायची, ती माझ्या वडलांची. शकू वहिवाटीनं जाऊन मागच्या सीटवर बसायची, ती तिच्या वडलांची. दोघी आपापल्या मालकीच्या जागेत. सीटवरून हात पलीकडं नेला तर हद्द ओलांडली असं होतं का, यावर आम्ही एक अख्खी दुपार वाद घातला आणि अन्नाला हद्द नसते असं ठरवलं. मग आमच्याकडची मासवडी मागं जायची आणि त्यांच्याकडचा रस्सा पुढं यायचा. अख्ख्या वाडीत मासवडी आणि रस्सा एकत्र मिळायची तेवढी एकच जागा उरली होती. काकीला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं, कारण वाट्या परत जाताना बदललेल्या असायच्या. आप्पांनाही ठाऊक असावं. पण ते बांधावरून जाताना मी काचेतून हाक मारली तर आभाळाकडं बघत जायचे. आबांवरचा राग माझ्यावर का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आबांशी बोलू नका, पण माझ्याशी का नाही?

पुढं शकू भांडगावला दिली आणि मला दौंडला, रेल्वेत नोकरी असलेला नवरा मिळाला. दोघी जवळच, त्यामुळे आमचं काही तुटलं नाही, दौंडच्या रविवारच्या बाजारात आम्ही आयुष्यभर भेटत आलो. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गाड्यांच्या आवाजात मी म्हातारी झाले. तिकडं रानात ती एक गाडी मात्र जागची हलली नाही. हलवणार कोण? ती हलली तर बांध कुठला, हे कोण सांगणार? बांधाचे दगड रात्रीतून सरकतात, हे आमच्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे, पण एवढं धूड कुणाला सरकवता येतं. तिच्याभोवती वेडी बाभूळ वाढली, काट्यांनी तिला गिळलं, आणि हळूहळू ती दिसेनाशी झाली. आबा गेले, काकी गेली, आई गेली. आईच्या वेळेला सगळे स्मशानाकडं निघाले तेव्हा मी मागं वळून पाहिलं तर आप्पा त्यांच्या बाजूला बांधाशी उभे होते, टोपी काढून. पुढं आले नाहीत.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं, पण यंदा दादानं बांधावरची बाभूळ काढायला जेसीबी बोलावला. मी योगायोगानं माहेरी होते. मशीन चालवणारा परप्रांतातला मुलगा, त्यानं मशीनचं तोंड काट्यांत घातलं आणि मशीन बंद करून खाली उतरला. "चाचा," तो दादाला म्हणाला, "अंदर तो गाडी है." दादा म्हणाला, "व्हय, हाय." जणू प्रत्येकाच्या बाभळीत एक गाडी असतेच. मी पुढं होऊन पाहिलं. चाकं जमिनीत गेलेली, काचेवर मातीचा थर, आत चाकावर कुणातरी पाखरानं घरटं केलेलं. पण होती. त्या मुलानं तिची चित्रफीत काढून कुणाकुणाला पाठवली, आणि ती फिरत फिरत शिक्रापूरच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरकडं गेली. अनिकेत त्याचं नाव. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. त्याचा दादाला फोन आला तेव्हा मी शेजारी होते. तो जवळजवळ विनवण्या करत होता. म्हणाला, गाडी मी घेतो, तुम्ही म्हणाल तसं, पण हात लावू नका. आहे तशीच मोलाची आहे. धूळसुद्धा पुसू नका.

दादानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. "बाजारात व्यापारी असाच बोलतो," तो म्हणाला. "न्हाई धुतला तरी चालंल, न्हाई सजवला तरी चालंल. आन् मंग म्हनतो, बैल रोड दिसतोय." दादाची हयात जनावरांच्या बाजारात गेलेली. बैल विकायला न्यायचा तर आदल्या दिवशी त्याला घासून धुवायचा, शिंगं साळून रंगवायची, खुरांना तेल लावायचं. न सजवलेलं जनावर गिऱ्हाइकापुढं उभं करणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान. मी त्याला म्हणाले, "अरे, तो सांगतोय ते ऐक." पण माझं घरात कधी कुणी ऐकलंय? ट्रॉलीला लावून उरलेला तांबडा ऑइल पेंट होता, तो घेऊन दादा बांधावर गेला आणि त्यानं बॉनेटपासून सुरुवात केली. आपला अर्धा भाग तेवढाच, पुढच्या सीटच्या मागं दोरी गेली होती तिथपर्यंत. ते पलीकडून आप्पांच्या मुलानं, बाळूनं पाहिलं. बाळू आणि दादाही बोलत नाहीत, तो अबोला त्यांना जमिनीबरोबर वारशानं मिळालाय. बाळूनं विचार केला असणार, यांचा अर्धा भाग झळकणार आणि आपला तसाच राहणार. त्याच्याकडं फाटकाचा निळा रंग उरला होता. दुपारभर दोघं एकमेकांकडं पाठ करून रंगवत होते. संध्याकाळी गाडी पुढून तांबडी आणि मागून निळी झाली. मधे, छतावरून आणि दोन्ही बाजूंनी खाली, बोटभर रुंदीची पट्टी दोघांनीही सोडली होती. दुसऱ्याच्या हद्दीत ब्रश गेला असं उद्या कुणी म्हणायला नको.

रविवारी अनिकेत आला. पोरगं सुटसुटीत, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. बांध चढून वर आला आणि थांबला. मी आजवर बरीच माणसं रडताना पाहिली आहेत, पण एवढ्या शिकलेल्या माणसाला इतक्या मुकाट्यानं खाली बसताना पाहिलं नव्हतं. दादानं त्याला पाणी दिलं आणि अभिमानानं म्हणाला, "दोन हात मारल्यात." मग अनिकेतला ती पट्टी दिसली. तो गुडघ्यावर रांगत तिच्याजवळ गेला, खिशातून रुमाल काढला, आणि त्या बोटभर मूळ हिरव्या रंगावरून इतक्या हळू हात फिरवला की बाळूची बायको तिकडं पदर तोंडाला लावून हसायला लागली. पाच-दहा मिनिटांनी तो उठला, दादाचा रंग नखानं कोरून पाहिला आणि म्हणाला, खालचा रंग जिवंत आहे, सहा महिने लागतील, पण हा मी उतरवीन. गाडी मी नेणारच. फक्त दोन्ही मालकांनी हो म्हटलं पाहिजे.

दादा हो म्हणाला. दुसरे मालक बांधाच्या पलीकडं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. आप्पा आता नव्वदीला टेकलेत. नजर गेलीय, कान मात्र शाबूत आहेत, आणि हट्टही. मी हे सरळच लिहिते, मला गाडीचं काही नव्हतं. ती जावो की राहो. माझ्याशी आप्पांनी एकदा बोलावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते गेले तर ते राहून जाईल ही भीती मला दोन-तीन वर्षं झोपू देत नव्हती. म्हणून मी काय केलं, गाडीचं दार उघडून आत शिरले, घरट्याला धक्का न लावता चाकापुढं जाऊन बसले आणि वाट बघत राहिले. पन्नास वर्षांनी माझं ढुंगण त्या सीटला पुन्हा लागलं आणि आतून एक उंदीर निघून बाळूच्या हद्दीत गेला.

आप्पांनी काठी टेकली आणि उठले. बाळू धरू लागला तर त्याला झिडकारलं. चाचपत चाचपत ते बांधावर चढले, गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आले आणि थांबले. माझ्याकडं तोंड नव्हतं. "पाव्हणं," ते अनिकेतला म्हणाले, "त्या बाईला सांगा, ह्या दारानं वहिवाट माझी हाय. शीट वाकवा म्हणावं." अनिकेतनं मान आत घातली. "आजी, आजोबा म्हणतायत की..." "ऐकलं," मी म्हणाले. "त्यांना सांगा, वाकवली. जपून या म्हणावं." आप्पा आत शिरायला लागले. गुडघे वळेनात. मी त्यांचं कोपर धरलं, आणि त्यांनी ते सोडवून घेतलं नाही, पण धरलंय हे कळलं असंही दाखवलं नाही. कण्हत, धापा टाकत ते शेवटी आपल्या मालकीच्या जागेत जाऊन बसले. सीटचं कातडं तडकून आतला काथ्या बाहेर आला होता. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. बिचारा अनिकेत दारातच वाकून उभा, मान कधी माझ्याकडं, कधी मागं.

"तिला सांगा," आप्पा म्हणाले, "वहिनी गेली तवा मी बांधावर हुतो."

"त्यांना सांगा, आम्ही पाहिलं."

"तिला सांगा, बोलवाय कुनी आलं न्हाई."

"त्यांना सांगा, मयताला कुणी बोलावणं धाडत नसतं. आपण होऊन यायचं असतं."

अनिकेतनं निरोप पोचवायचं केव्हाच सोडून दिलं होतं. मागं आप्पा काथ्या उपसायला लागले, ते ऐकू आलं. मला वाटलं, मी फार लागेल असं बोलले, माझी जीभ आबांवर गेली आहे हे सगळे म्हणतात. मागं वळून बघायचा धीर होईना, म्हणून मी मातीनं माखलेल्या काचेकडं बघत बसले. अनिकेतची पाठ आता भरून आली असावी. तो हळूच म्हणाला, "मग आजोबा, नेऊ ना गाडी? सगळी आहे तशीच नेतो. सीटसकट."

मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"सुमे," आप्पा म्हणाले. "त्याला सांग, गाडी न्हे म्हणावं. शीट मिळायची न्हाई."

नावानं हाक मारली होती, आणि वरून मलाच निरोप्या केलं होतं. अनिकेत वीतभर अंतरावर वाकून उभा होता. मी त्याच्याकडं बघून म्हणाले, "ते म्हणतात, गाडी न्या, पण मागची सीट मिळायची नाही." तो बावरला. "आजी, अहो, मूळ सीट आहे ती. तिच्याशिवाय गाडी अपुरी राहील. त्यांना सांगा ना." मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "त्याला म्हणावं, आमी बी अपुरंच ऱ्हायलो एवढी वर्सं. चालतं." मग दादा जवळ आला, बाळूही आला, दोघंही आपापल्या हद्दीत उभे राहून आत बघायला लागले. मी आप्पांना विचारलं, "सीट काढली तर ठेवायची कुठं, आप्पा? तुमच्याकडं जागा आहे का?" त्यांनी जरा विचार केला, किंवा केल्यासारखं दाखवलं.

"आमच्याकडं दुपारचं ऊन येतं," ते म्हणाले. "तुमच्या वट्यावर सावली आसती. तितं ठिवा."

दादाचं तोंड उघडं राहिलं होतं. हातावर तांबडा रंग अजून तसाच होता.

"तुझ्या भावाला सांग," आप्पा मला म्हणाले, "वट्यावर ठिवली म्हून शीट तुमची झाली न्हाई. मालकी माझीच. आन् मालकाला रोज येऊन बगावं लागतं."

दादा दोन हातांवर उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तरी मी त्याच्याकडं तोंड करून ते पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्दाला शब्द.